ज्वारी टिकली तर भाव मागता येतो



दिवाळीनंतर आपली ज्वारी खळ्यावरून थेट बाजारात जाते आणि आषाढात तीच आपण चढ्या भावाने विकत आणतो. का? घरात ठेवली तर सोंडे तिचे पीठ करतात म्हणून. ज्याला माल टिकवता येत नाही, त्याला 'या भावात देत नाही' असे म्हणता येत नाही.

आपले आजे ज्वारी पेवात भरत. पेव उघडले की आधी कंदील खाली सोडत; विझला तर कोणी उतरत नसे. कंदील विझवणारी तीच हवा किडे मारत होती. कोंडलेल्या जागी दाणे आणि किडे प्राणवायू संपवतात; बाहेरून नवा आला नाही की किडा मरतो. औषधाची गोळी लागत नाही.

हे घरातही जमते. जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्या एकात एक घाला, वरून पोते. पश्चिम आफ्रिकेतले शेतकरी चवळी अशीच टिकवतात.

आधी ज्वारी खडखडीत वाळवा. ओल १२ टक्क्यांच्या वर नको. दाणा दाताखाली कट्ट वाजला पाहिजे. कोरड्या बाटलीत मूठभर दाणे आणि सुके मीठ हलवा. मीठ काचेला चिकटले तर पुन्हा ऊन द्या. ओली ज्वारी कोंडली तर बुरशीच लागेल. पिशव्या गच्च भरा, हवा दाबून काढा, दोन्हींची तोंडे वेगवेगळी आवळा. पोते फळीवर, उंदरांपासून दूर ठेवा. महिनाभर उघडू नका.

कापूस कर्जापायी घाईने विकावा लागतो. ज्वारीची तरी घाई नको. यंदा प्रत्येक घरात अशी दोन पोती भरा.