सह्या करण्याआधी भांडून घ्या



थँक्सगिव्हिंगच्या चार दिवसांत आपल्यापैकी अनेकांच्या घरी पंधरा-वीस नातेवाईक जमतात. बेसमेंटमध्ये गाद्या पडतात, बाथरूमसाठी रांग लागते, टर्की की मटण यावर दोन तट पडतात. भारतातून आई आलेली असते. दोन दिवस हसण्याखिदळण्यात जातात. तिसऱ्या दिवशी कुणीतरी गावच्या घराचा विषय काढतं. मग कुणी किती पैसे पाठवले, वडिलांच्या आजारपणात कोण किती वेळा गेलं, याची वीस वर्षांची उजळणी होते. आवाज चढतात, मुलं वरच्या खोलीचं दार लावून घेतात.

अशा वेळी कुणी वडीलधारं म्हणतं, "एवढ्या लांबून एकत्र आलोय, आता भांडण नको." वाक्य समजूतदार आहे. पण ते कधी येतं, तिकडं लक्ष द्या. दोघे भाऊ तासभर भांडतात तेव्हा ते येत नाही. बहीण तोंड उघडते तेव्हा हमखास येतं.

महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' १९८५ साली रंगभूमीवर आलं. वडिलांच्या मृत्यूनंतर देशपांड्यांचं कुटुंब धरणगावच्या वाड्यात जमतं आणि पैशांवरून, दागिन्यांवरून वाद पेटतात. बहीण प्रभा हिचं शिक्षण घरानं आधीच थांबवलेलं असतं. आपली घरं बदलली, वाड्याचं बेसमेंट झालं. प्रभाचं काय झालं, हे विचारायला हवं.

कायदा बदलला आहे. हिंदू वारसा कायदा लागू असलेल्या घरांत, वडिलांनी स्वतः कमावलेल्या आणि मृत्युपत्र न केलेल्या मिळकतीत मुलीचा मुलाइतकाच वाटा १९५६ पासून आहे. वडिलोपार्जित मिळकतीत महाराष्ट्रानं १९९४ साली मुलींना हक्क दिला, पण आधीच लग्न झालेल्यांना वगळलं. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या केंद्रीय दुरुस्तीत ती अट राहिली नाही. त्या दिवशी वडील हयात असण्याचीही गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केलं. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र कायम राहतात. अमेरिकन नागरिकत्व घेतल्यानं वारसा जात नाही. शेतजमीनसुद्धा वारशानं मिळू शकते.

तरीही बॅगेतून हक्कसोडपत्राचा मसुदा किंवा कुलमुखत्यारपत्राचे कागद निघतात. "तुला काय कमी आहे?" असं बहिणीला विचारलं जातं. तिच्याइतकंच कमावणाऱ्या, न्यू जर्सीत राहणाऱ्या भावाला हा प्रश्न कुणी विचारत नाही. बहिणीला कळून चुकतं की सही केली नाही तर माहेर तुटेल. मग साडीचोळीवर बोळवण होते आणि आपण म्हणतो, तिनं राजीखुशीनं सोडलं.

दुसरी बाजूही आहे. गावी राहिलेल्या भावानं आणि भावजयीनं आईवडिलांचं सगळं केलेलं असतं. डॉलर पाठवणं आणि रात्री उठून औषध देणं यांत फरक आहे. त्या कष्टांचा हिशेब जरूर व्हावा, पण तो सर्वांच्या वाट्यांतून व्हावा, फक्त बहिणीच्या नव्हे.

म्हणून माझं सांगणं साधं आहे. सणाच्या गर्दीत कुठल्याही कागदावर सही नको. सकाळी शांतपणे बसा, मिळकतीची यादी करा, कायद्यानं कुणाचा किती वाटा होतो ते मोठ्यानं वाचा. आईलाही तिचा वाटा आहे. तिला कुठं राहायचंय हे तिलाच आणि सगळ्यांच्या आधी विचारा. बहिणीला स्वतःचा वकील बघू द्या. हे सगळं समजल्यावर तिनं वाटा सोडला तर तो तिचा निर्णय. मागितला तर तोही तिचाच निर्णय, आणि पुढच्या भाऊबीजेला तिच्यासाठी पाट मांडलेला असला पाहिजे.