तिरुप्पनंदाळचे लिंग आणि गवंड्याचा ओळंबा

कुंभकोणमजवळच्या तिरुप्पनंदाळ क्षेत्री अरुणजटेश्वराचे देवालय आहे. ताटकै नावाची भक्त स्त्री देवाला हार घालीत असता तिचे वस्त्र सुटू लागले. ते कोपरांनी दाबून धरावे, तर हात वर पोचेनात. तिची अडचण जाणून लिंगच तिच्याकडे झुकले, आणि झुकलेलेच राहिले, अशी तेथील स्थळकथा आहे. चोळ राजाने हत्ती जुंपले, तरी ते हलेना. अखेर कुंगिलिय कलय नायनारांनी दोर आपल्या गळ्यात अडकवून ओढला, तेव्हा ते सरळ झाले. बाराव्या शतकातील सेक्किळारच्या पेरियपुराणात नायनारांचे हे चरित्र आहे.

भक्ताने कल काढला तो प्रेमाने. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला तो वजाबाकीने काढावा लागतो. ओळंब्यात उभ्या खांबाचा अंश जमिनीच्या कोणत्याच दिशेत उतरत नाही, कललेल्याचा उतरतो. तेवढाच अंश वजा केला की उरते ते लंब.

कागद हाताशी असेल त्यांनी करून पाहावे. एक सदिश पूर्वेस 3, उत्तरेस 4. दुसरा पूर्वेस 2, उत्तरेस 11. पूर्वेचे पूर्वेशी, उत्तरेचे उत्तरेशी गुणून बेरीज घेतली तर 6 आणि 44 मिळून 50 येतात. ती शून्य नाही. अर्थात दुसरा पहिल्याकडे कललेला आहे. पहिल्याची लांबी 5, तिचा वर्ग 25. 50 ला 25 ने भागले की 2. म्हणून दुसऱ्यातून पहिल्याची दुप्पट, म्हणजे 6 व 8, वजा करावी. उरतात पश्चिमेस 4 व उत्तरेस 3. आता गुणाकारांची बेरीज शून्य. दोघांचीही लांबी 5 असल्याने 5 ने भागले की प्रत्येकाची लांबी 1 होते. अशा जोडीस ऑर्थोनॉर्मल म्हणतात.

लाभ असा, की कोणत्याही बलाचा एका दिशेतील वाटा शोधताना दुसरीची वाट पाहावी लागत नाही. कललेल्या दिशांत मात्र समीकरणे एकत्र सोडवावी लागतात, आणि एकीची चूक दुसरीत शिरते.

ही रीत ग्राम व श्मिट या गणितज्ञांच्या नावाने चालते. तिच्यात एक खोच आहे. दोन सदिश जवळजवळ एकाच दिशेचे असले, तर वजाबाकीनंतर अगदी थोडे उरते, आणि त्या थोड्यात दशांश तोडल्याची चूकच मोठी दिसू लागते. संगणकाचा वेग येथे राजाच्या हत्तींसारखा निरुपयोगी. कल पूर्ण गेला नाही असे दिसले, की उरलेल्यावर तीच वजाबाकी पुन्हा एकदा करतात.