साथीच्या दिवसांतलं ग्रंथालय

साथ आली की ग्रंथालयानं काय करायचं, यावर बोला, असं आकाशवाणीनं कळवलं. माझी सगळी नोकरी देवघेवीच्या टेबलावर गेली. तेव्हा बोलेन तेही तिथलंच.

2020 च्या मार्चमध्ये कोरोनामुळं टाळेबंदी आली आणि राज्यातल्या ग्रंथालयांना कुलूप लागलं. ते उघडायची परवानगी मिळाली 15 ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी. बाजार मात्र त्याच्या कितीतरी आधी सुरू झाला होता. नीटची परीक्षाही 13 सप्टेंबरलाच होऊन गेली होती. लातूरला परीक्षेच्या तयारीसाठी किती मुलं येतात, तुम्हाला ठाऊकच आहे. घरात दोन खोल्या आणि माणसं सहा, अशी मुलं ग्रंथालयातल्या अभ्यासिकेच्या आधारावर शिकतात. ऐन वेळी त्यांची बसायची जागाच गेली. ग्रंथालय ही चैन नाही, गरज आहे, हे तेव्हा आपण ठासून सांगायला हवं होतं.

दार उघडल्यावर प्रश्न आला परत आलेल्या पुस्तकांचा. कुणी सॅनिटायझर फवारलं, कुणी पुस्तकं गच्चीवर उन्हात घातली. कृपा करून असं करू नका. फवाऱ्यानं शाई फुटते, बांधणी सुटते, आणि आपल्या मराठवाड्याच्या उन्हात कागद पापडासारखा कडक होतो. पुस्तक नुसतं बाजूला ठेवायचं. आम्ही एक वेगळं टेबल मांडलं होतं. परत आलेली पुस्तकं त्यावर सुटी सुटी ठेवायची आणि प्रत्येकात तारखेची चिठ्ठी घालायची. थप्पी लावायची नाही. अमेरिकेत ग्रंथालयांसाठी रीअल्म नावाच्या प्रकल्पात तपासणी झाली. सुट्या ठेवलेल्या पुस्तकांवर तीन दिवसांनी विषाणू सापडला नाही, थप्पीतल्या पुस्तकांवर सहा दिवसांनीही सापडला. म्हणून पुन्हा सांगते, सुटी ठेवा, थप्पी नको.

पुढं कळलं की कोरोना मुख्यतः श्वासातून, हवेतून पसरतो. पुस्तकातून लागण होण्याची भीती फार थोडी. म्हणजे पुस्तकं पुसत बसण्यापेक्षा वाचनकक्षाच्या खिडक्या उघडणं महत्त्वाचं. कपाटं लावून बुजवलेल्या खिडक्या आधी मोकळ्या करा.

आणि वाचकहो, बोटाला थुंकी लावून पान उलटायची सवय सोडा. साथ असो वा नसो. कित्येक जुन्या कादंबऱ्यांचे खालचे कोपरे मी काळे पडलेले पाहिले आहेत.

ग्रंथालय बंद असलं, तरी विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला घरबसल्या ई-पुस्तकं मिळतात, ठीक आहे. पण खेड्यातल्या, सर्वांत खालच्या ड वर्गाच्या ग्रंथालयाला तेव्हा वर्षाचं अनुदान होतं 30 हजार रुपये. पगार, पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीजबिल सगळं त्यातच. त्यांनी कुठून आणायची ई-पुस्तकं? मग मोबाइलवर पीडीएफ फिरू लागल्या. ही ग्रंथालय सेवा नव्हे, त्यात लिहिणाऱ्याचा हक्क बुडतो.

ई-पुस्तकं नसली, तरी खेड्यातल्या ग्रंथपालाकडं असते सभासदांची नोंदवही. कोणत्या आजींना मोठ्या टाइपाचं पुस्तक लागतं, कोणते गुरुजी रोज वर्तमानपत्रासाठी येतात, हे त्याला पाठ असतं. फोन करून आवड विचारायची, पुस्तक काढून नाव घालून ठेवायचं आणि ठरल्या वेळी खिडकीतून द्यायचं. मुदत वाढवायची, दंड घ्यायचा नाही. आमच्याकडं एक निवृत्त बाई तर फोनवर पुस्तकाचं नावही सांगत नसत. "तुम्हीच काढून ठेवा," एवढंच म्हणत.

वेळ संपल्याची खूण झाली. बालविभागाबद्दल बोलायचं राहिलं. ग्रंथपाल मंडळींनो, तेवढे सभासदांचे फोन नंबर या महिन्यात तपासून घ्या, निम्मे तरी बदललेले असतील.