शिवलेला खांदा

खांद्याभोवतीच्या ४ स्नायूंच्या कंडरा म्हणजे रोटेटर कफ. त्यांतली एखादी फाटली की फळीवरचा डबा काढणंही जड जातं. शस्त्रक्रियेत ती हाडाला पुन्हा शिवतात. पण टाके नुसते धरून ठेवतात, सांधायचं काम शरीराचं.

तिथेच वय आडवं येतं आणि फाट किती मोठी, तेही. जुन्या दुखण्यात स्नायूत चरबी शिरते, ती काही शिवून जात नाही. सिगारेट आणि वाढलेली साखर जखम भरू देत नाहीत.

गंमत पाहा. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात मोठ्या फाटीच्या १८ पैकी १७ रुग्णांची शिवण उसवलेली निघाली, तरी वर्षभरानंतर बहुतेकांचं दुखणं मात्र कमी झालं होतं!

शस्त्रक्रियेनंतर हाताला झोळी साधारण ४ ते ६ आठवडे असते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती काढू नका.