रजा आणि परतीची वाट

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त मंडळाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या चालकांनी आम्हांस आज बोलावयास सांगितले, तेव्हा त्यांची अपेक्षा बहुधा संतवाङ्मयाची वा प्रवासवर्णनाची असावी. परंतु आम्ही पडलो केंद्र सरकारचे नोकर. तीस वर्षे टिपणे लिहिण्यात आणि रजेचे अर्ज निकालात काढण्यात गेली. तेव्हा ज्यातले थोडेफार कळते, त्याच विषयावर बोलावे असे ठरविले. आजचा विषय आहे रजा. मात्र ही रजा आपल्या ओळखीची नाही. विमानकंपन्यांना मंदी आली की त्यांच्या कर्मचाऱ्यांच्या हाती जी बिनपगारी रजा ठेवली जाते, तिच्याविषयी आम्ही बोलणार आहोत, आणि त्यातही डिस्पॅचर नावाच्या एका फारशा ठाऊक नसलेल्या वर्गाविषयी.

आपल्या मंडळातील वडीलधारी मंडळी सेना, सरकारी कचेऱ्या, बँका, रुग्णालये आणि विद्यापीठ यांच्या आश्रयाने येथे आली. आपल्या मुलामुलींनी मात्र निराळ्या वाटा धरल्या. त्यांतली एक वाट विमानतळाकडे जाते. वैमानिक आणि हवाईसुंदरी सर्वांस ठाऊक असतात. डिस्पॅचर म्हटले की आम्हां कचेरीतल्या माणसांच्या डोळ्यांपुढे आवक-जावक विभागातला, पाकिटांवर क्रमांक घालणारा जावक कारकून उभा राहतो. नावात साम्य आहे. जबाबदारीत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

हे काम काय असते, ते आपल्याच गावच्या उदाहरणाने पाहू. पौष महिना आहे. मुंबईहून चंदीगडला विमान निघावयाचे आहे. येथील धावपट्टी वायुदलाची, आणि सकाळी तीवर धुके दाटण्याचा संभव. विमान सुटण्यापूर्वी कोणीतरी जमिनीवर बसून हवामानाचे अहवाल वाचावे लागतात, धावपट्ट्यांविषयीच्या सूचना पाहाव्या लागतात, मार्ग आणि उंची ठरवावी लागते, आणि चंदीगडला उतरता न आल्यास कोठे जावयाचे ते आधीच निश्चित करावे लागते. दिल्ली जवळ खरी. पण दिल्लीसही तेच धुके असेल तर? मग जयपूर किंवा त्याहून दूरचे एखादे ठिकाण. त्यावरून इंधनाचा हिशेब: मुक्कामापर्यंतचे, अनपेक्षित अडचणींसाठी सामान्यतः प्रवासाच्या इंधनाच्या ५ टक्के, पर्यायी विमानतळापर्यंतचे, आणि शिवाय जेट विमानाला १,५०० फुटांवर ३० मिनिटे घिरट्या घालता येतील इतके राखीव. इंधन कमी घ्यावे तर धोका. जादा घ्यावे तर वजन वाढते आणि माल किंवा उतारू मागे ठेवावे लागतात. हा जमाखर्च मांडणारा माणूस म्हणजे डिस्पॅचर. आपल्याकडे त्याला नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाची मान्यता लागते. अमेरिकेत तर उड्डाणाच्या नियोजनाची जबाबदारी कायद्याने वैमानिक आणि डिस्पॅचर या दोघांवर संयुक्तपणे टाकलेली आहे.

ही काळजी अनुभवातून आलेली आहे. ६ मे १९३५ रोजी अमेरिकेत मिझूरी राज्यात एक प्रवासी विमान कोसळले. मुक्कामी हवामान बिघडलेले, इंधन संपत आलेले, आणि दुसरीकडे उतरण्याच्या प्रयत्नात विमान जमिनीवर आदळले. मृतांमध्ये सिनेटर ब्रॉन्सन कटिंग होते. देशभर चौकशीची मागणी झाली आणि पुढे १९३८ साली तेथे नागरी विमानवाहतुकीचा नवा कायदा झाला. आकाशातल्या माणसाची सुरक्षितता जमिनीवरच्या माणसाच्या शांत डोक्यावर अवलंबून असते, हा धडा त्या काळाने शिकविला.

आता या शांत डोक्यावर कसले ओझे येते ते पाहू. विमानाचा धंदा भरतीओहोटीचा. २००८ च्या ऑक्टोबरात जेट एअरवेजने सुमारे १,९०० कर्मचाऱ्यांना घरी पाठविण्याचे ठरविले आणि १६ तारखेच्या रात्री तो निर्णय मागे घेतला. २०१२ च्या ऑक्टोबरात किंगफिशरची उड्डाणे थांबली, ती कायमची. १७ एप्रिल २०१९ रोजी जेटचे अखेरचे विमान उडाले, आणि तेही आपल्या शेजारच्या अमृतसरहून मुंबईसाठी. सुमारे १६ हजार नोकऱ्या त्याबरोबर अधांतरी राहिल्या. मे २०२३ मध्ये गो फर्स्टने उड्डाणे बंद केली; इंजिने वेळेवर मिळाली नाहीत, असे कारण कंपनीने दिले. या दोन्ही कंपन्यांची विमाने चंदीगडहून मुंबईला जात. गणपतीला घरी जाण्यासाठी त्यांची तिकिटे आपल्यापैकी कित्येकांनी काढलेली असतील.

या दोहोंच्या मध्ये आला २०२० चा साथीचा काळ. २५ मार्चपासून २५ मेपर्यंत देशांतर्गत प्रवासी उड्डाणे पूर्ण थांबली होती. जुलैत इंडिगोने दहा टक्के कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. त्याच महिन्यात, त्या वेळी सरकारच्या मालकीच्या असलेल्या एअर इंडियाने बिनपगारी रजेची योजना काढली: सहा महिने किंवा दोन वर्षे, आणि वाढवून पाच वर्षांपर्यंत. मागेल त्याला ही रजा होतीच. शिवाय योग्यता, कार्यक्षमता, प्रकृती इत्यादी गोष्टी पाहून न मागणाऱ्यालाही रजेवर पाठविण्याची तरतूद तीत होती.

अमेरिकेत अशा रजेला फर्लो म्हणतात. मूळ शब्द डच भाषेतला, सैनिकाच्या रजेसाठी वापरला जाणारा. इंग्रजी अमदानीत साहेबलोक फर्लोवर विलायतेस जात आणि परत येऊन त्याच दिमाखाने खुर्चीवर बसत. महाराष्ट्रात हा शब्द आज तुरुंगाच्या संदर्भात ऐकू येतो. कैद्याच्या फर्लोला आपण ‘संचित रजा’ असे सुरेख नाव दिले आहे. कैद्याच्या या रजेचे दिवस शिक्षेतच धरले जातात. आम्हां सरकारी नोकरांनाही ‘असाधारण रजा’ मिळते. तीत पगार नसतो. पण कायम नोकराचा पदावरचा धारणाधिकार शाबूत असतो. म्हणजे साहेब असो, कैदी असो वा कारकून असो, प्रत्येकाच्या रजेत एक गोष्ट समान आहे. परत कोठे यावयाचे, हे लिहिलेले असते. विमानकंपनीच्या बिनपगारी रजेत नेमकी हीच ओळ पुष्कळदा कोरी राहते.

अमेरिकेतील फर्लोही दुःखदायकच. १ ऑक्टोबर २०२० रोजी अमेरिकन आणि युनायटेड या दोन कंपन्यांनी मिळून सुमारे ३२ हजार लोकांना फर्लोवर पाठविले, कारण पगारासाठी मिळणारे सरकारी साहाय्य आदल्या दिवशी संपले होते. डिसेंबरात संसदेने ते पुन्हा मंजूर केले आणि या लोकांना परत बोलावणे झाले. तेथील मोठ्या कंपन्यांत डिस्पॅचरांच्या संघटना आहेत, त्यांचे मालकांशी लेखी करार आहेत, आणि त्यांत सेवाज्येष्ठतेची यादी असते. शेवटी आलेला प्रथम घरी जातो. परत बोलावताना घरी बसलेल्यांतील ज्येष्ठाला प्रथम बोलावतात. ब्रिटनने त्याच काळात घरी बसलेल्या नोकरांच्या पगाराचा ८० टक्के भाग, महिना २,५०० पौंडांच्या मर्यादेत, तिजोरीतून देण्याची योजना चालविली; ती ३० सप्टेंबर २०२१ रोजी संपली. साधने निरनिराळी, पण नोकर आणि नोकरी यांना जोडणारा दोर तुटू द्यावयाचा नाही, हे सूत्र एकच.

आपल्या कायद्याकडे पाहिले की एक चमत्कारिक गोष्ट दृष्टीस पडते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात, काम नाही म्हणून तात्पुरते घरी बसविलेल्या कामगारास मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या निम्मी भरपाई ठेवली होती. परंतु ती कारखाने, खाणी आणि मळे यांच्यापुरती. विमानकंपनी यांपैकी काहीच नव्हे! उलट कामगाराची कपात करावयाची, म्हणजे त्यास कायमचे काढावयाचे, तर एक महिन्याची नोटीस किंवा त्याचे वेतन, सेवेच्या दर वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन, शेवटी आलेला आधी जाण्याचा दंडक, आणि पुन्हा भरती झाल्यास अग्रहक्क, हे सारे त्यात होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली. तिने हा सांगाडा बहुतांशी तसाच ठेवला. अग्रहक्कास मात्र एक वर्षाची मुदत घातली. तात्पर्य, काढून टाकलेल्या माणसासाठी कायद्यात चार ओळी आहेत. रजेवर बसविलेल्या विमान-कर्मचाऱ्यासाठी तेवढ्याही नाहीत. काढणे मालकाला महाग पडते, रजा फुकट पडते. मग मालक कोणता शब्द निवडील, हे सांगण्यास ज्योतिषी नको.

आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांचा मुलगा असाच एका विमानकंपनीत डिस्पॅचर होता. कर्ज काढून प्रशिक्षण घेतलेले. एके दिवशी पत्र आले: ‘पुढील सूचना मिळेपर्यंत बिनपगारी रजा.’ आई शेजारणींना सांगे, पोरगा रजेवर आला आहे. चार महिने सरले. नवी नोकरी शोधावी, तर जुनीचा राजीनामा द्यावा लागे. राजीनामा द्यावा, तर थकलेल्या पगाराचे काय? रजा म्हणावी तर पगार नाही, बेकारी म्हणावी तर मोकळीक नाही. अखेर त्याने एका शिकवणीवर्गात गणित शिकविण्यास आरंभ केला. आता त्याचे बरे चालले आहे. पण हवामानाचा नकाशा वाचणारी ती नजर मात्र वाया गेली.

‘वाया गेली’ हा शब्द आम्ही विचारपूर्वक वापरीत आहोत. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेच्या सहाव्या परिशिष्टानुसार, सलग १२ महिने कामापासून दूर राहिलेल्या डिस्पॅचरला पात्रतेची पुन्हा पूर्तता केल्याशिवाय कामावर घेऊ नये. नियम योग्यच आहे. सवय सुटलेल्या हाती इंधनाचा हिशेब कोण देईल? परंतु मग दोन वा पाच वर्षांच्या रजेचा अर्थ काय होतो? परत आलेल्या माणसाच्या उजळणीचा खर्च कोणी करावयाचा, हे पत्रात नसेल तर ती रजा म्हणजे पुष्कळदा सावकाश दिलेला निरोपच होय.

मालकांचीही एक बाजू आहे, ती सांगितली पाहिजे. विमाने बहुधा भाड्याची, भाडे डॉलरमध्ये, इंधनाचा भाव आपल्या हाती नाही, आणि उडाले नाही तरी खर्च थांबत नाही. सर्वांना पूर्ण पगार देऊन कंपनीच बुडाली तर सर्वांचेच नुकसान. शिवाय कंपनीच उरली नाही तर परतीचा हक्क कोणाकडे मागावयाचा? जेटचे पुनरुज्जीवन होईल या आशेवर कित्येकांनी वाट पाहिली; साडेपाच वर्षांनी, ७ नोव्हेंबर २०२४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने कंपनी अवसायनात काढण्याचा आदेश दिला. म्हणून आम्ही असे म्हणत नाही की मंदीत कोणास घरी पाठवूच नये. आमचे म्हणणे इतकेच की जे करावयाचे त्याला खरे नाव द्यावे. परत घेणार असाल तर रजा म्हणा आणि मुदत, क्रम व अटी लिहून द्या. घेणार नसाल तर कपात म्हणा आणि कायद्याने देणे असेल ते देऊन माणसाला मोकळे करा. खोट्या आशेवर गेलेली वर्षे भरून देण्याची तरतूद कोणत्याच संहितेत नाही.

आता थोडे व्यवहाराचे. आपल्या घरी कोणास असे पत्र आले, तर भावनेच्या भरात त्यावर सही करू नये. रजेची अखेरची तारीख लिहिलेली आहे काय? हे दिवस सेवाज्येष्ठतेसाठी व वेतनवाढीसाठी धरणार काय? भविष्यनिर्वाह निधी आणि वैद्यकीय विमा यांचे काय? मधल्या काळात दुसरे काम करण्याची परवानगी आहे काय? मान्यता टिकविण्यासाठी लागणारी उजळणी कंपनी करवून देणार काय? हे पाच प्रश्न लेखी विचारावे आणि उत्तरही लेखी मागावे. ‘एक्झिक्युटिव्ह’ किंवा ‘ऑफिसर’ अशा भारदस्त हुद्द्यामुळे आपण कायद्याच्या बाहेर गेलो, असे परस्पर गृहीत धरू नये. न्यायालये हुद्दा पाहत नाहीत, प्रत्यक्ष काम पाहतात. आणि नेमणुकीची पत्रे, पगाराच्या पावत्या व प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे एका फायलीत जपून ठेवावी. ही फाईल करून देण्यासाठी आमच्यासारखे फायलींत मुरलेले पुष्कळ लोक या मंडळात आहेत. कोणीही संकोच न करता यावे.

आणखी एक विनंती मंडळीस आहे. ज्याच्या घरी असा मुलगा वा मुलगी बसली असेल, त्यास ‘अजून रजाच का?’ असे विचारू नये. मुलुखापासून दूर राहणाऱ्या माणसाला नातेवाईक कमी आणि मंडळच अधिक. पन्नास वर्षांत या मंडळाने गणपती बसविले, नाटके केली, बदलीवर आलेल्या नवख्या कुटुंबांना घर शोधून दिले. मंदीत घरी बसलेल्या तरुणास कामाची चार दारे दाखविणे हे त्याच परंपरेतले कार्य आहे. सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी त्यासाठी कार्यकारिणीने एक वही घालावी, अशी सूचना आम्ही येथे नम्रपणे मांडतो.

आता आपली रजा घेतो. पुढील वर्षी पुन्हा बोलावणार असाल, तर मात्र तसे लेखी कळवावे!