पाण्याचे मीटर आणि घरचा हिशेब
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



आजचा माझा विषय क्रमिक पुस्तकात नाही, परंतु तो ठरल्या मुदतीने आपल्या दारात येतो. तो म्हणजे पाण्याचे बिल. बिल हाती पडले की आपण रक्कम पाहतो आणि शेवटची तारीख पाहतो. मधले आकडे कोणी वाचत नाही. रक्कम फुगली तर शेजाऱ्याशी वाद होतो, थकबाकी साचते आणि एके दिवशी नळजोड तोडला जातो. मग हंडा कोणाच्या डोक्यावर येतो? बहुधा घरातल्या मुलीच्या. तिचे सकाळचे तास बुडतात. म्हणून पाण्याचा हिशेब हा मला शिक्षणाचाच प्रश्न वाटतो.

प्रथम मीटर समजून घेऊ. मीटर पाणी घनमीटरमध्ये मोजते. एक घनमीटर म्हणजे 1000 लिटर. बहुतेक मीटरवर काळे आकडे पूर्ण घनमीटर दाखवतात, तर तांबडे आकडे वा काटे त्याहून लहान भाग दाखवतात. बिलासाठी काळे आकडे धरतात.

आता एक उदाहरण घ्या. मागील नोंद 412 आणि चालू नोंद 439. वजाबाकी 27, म्हणजे 27,000 लिटर. तीस दिवसांनी भागले तर रोजचे 900 लिटर. घरात सहा माणसे असतील तर माणशी 150 लिटर. भुयारी गटार असलेल्या शहरांसाठी केंद्र सरकारच्या मार्गदर्शक नियमांत माणशी रोज 135 लिटरचे प्रमाण धरलेले आहे. 2019 साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनने खेड्यांसाठी 55 लिटरचे प्रमाण ठेवले. आपले घर कोठे बसते, हे सातवीचा विद्यार्थीही काढू शकेल.

यापुढे दर. पुष्कळ ठिकाणी दर टप्प्याटप्प्याने वाढतो. समजा, पहिल्या 15 घनमीटरला दहा रुपये आणि त्यापुढे पंधरा रुपये दर आहे. तर 27 घनमीटरचे 150 अधिक 180, एकूण 330 रुपये होतील. परंतु टप्पा ओलांडताच सगळ्या पाण्याला वरचा दर लागत असेल, तर तेच बिल 405 रुपयांचे होईल. आपल्या गावचा नियम कोणता, हे कार्यालयात विचारून घ्या. मीटर भाडे, मलनिस्सारण आकार, मागील थकबाकी व तिच्यावरील व्याज हे रकाने वेगळे वाचा. मीटर बंद असेल तर सरासरीने बिल येते. तसे दिसल्यास स्वस्थ न बसता लेखी अर्ज द्या व पोच घ्या. काही गावांत अद्याप मीटर नाही. नळाच्या अर्धा वा पाऊण इंच जाडीवर वर्षाची पाणीपट्टी ठरते. तेथे काटकसरीने वापरणारा आणि उधळणारा सारखेच पैसे भरतात.

कोणी म्हणेल, पाणी अल्लाहची देणगी, त्याचे पैसे कसले? देणगी खरीच. परंतु एक घनमीटर पाण्याचे वजन एक टन असते. ते धरणातून उपसायचे, तुरटीने निवळायचे, क्लोरीनने शुद्ध करायचे आणि टाकीत चढवायचे, याला वीज आणि माणसे लागतात. आपण पैसे देतो ते या कामाचे.

गळतीकडे मात्र दुर्लक्ष नको. गळक्या तोटीखाली 200 मिलिलिटरचा पेला ठेवा. तो दहा मिनिटांत भरला, तर दिवसाला सुमारे 29 लिटर आणि महिन्याला 864 लिटर पाणी वाया जाते. दहा-वीस रुपयांचा वायसर न बदलल्याची ही किंमत. नळाला पाणी असताना घरातील व टाकीच्या सगळ्या तोट्या बंद करा आणि मीटरचा लहान काटा पाहा. तो फिरत असेल तर कोठेतरी गळती आहेच.

आपल्या दीनने तर हा धडा फार पूर्वी दिला आहे. हजरत पैगंबर (स.) एका मुद्द पाण्यात वुजू आणि चार ते पाच मुद्द पाण्यात गुस्ल करीत, अशी नोंद सहीह बुखारीत आहे. मुद्द म्हणजे दोन्ही हातांची भरलेली ओंजळ, आजच्या मापाने लिटरच्या आतबाहेर. आपण तोटी पूर्ण सोडून वुजू करतो तेव्हा खाली बादली ठेवून एकदा मोजून पाहा. इसराफ म्हणजे काय, ते वेगळे सांगावे लागणार नाही.

एका मीटरवर तीन-चार बिऱ्हाडे असतील, तर बिल चुलीप्रमाणे न वाटता माणसांप्रमाणे वाटावे. जमल्यास प्रत्येकाने पोटमीटर बसवावे. निम्मी भांडणे तेथेच मिटतील.

विद्यार्थी मित्रांनो, दर महिन्याच्या एक तारखेला मीटरचा आकडा वहीत लिहा. मोबाइलवर त्याचे छायाचित्र घ्या. बिल आले की आपली नोंद आणि बिलातील नोंद ताडून पाहा. पालकांनो, ही वही मुलाच्याच नव्हे, मुलीच्याही हाती द्या. पाणी भरण्याचे काम तिच्याकडे असेल, तर त्याचा हिशेबही तिला आला पाहिजे. जे घर आपला हिशेब ठेवते, त्याला कार्यालयाच्या खिडकीपाशी आवाज चढवावा लागत नाही. वही पुढे केली की पुरते.