हर्नियाचा रुग्ण घरी थांबला तेव्हा

रापणीचं जाळं ओढणाऱ्या तोंडवली गावाला हर्निया समजावून सांगायला नको. जांघेतली गाठ, ओझं उचललं की फुगणारी, आडवं झालं की आत जाणारी. आज मी या साध्या आजारापासून सुरुवात करतो, कारण तरुण सर्जनचा हात घडतो तो अशाच शस्त्रक्रियांवर.

सर्जन होण्यासाठीच्या एम.एस. पदवीची वर्षं तीन. पहिल्या वर्षी निवासी डॉक्टर रिट्रॅक्टर धरून उभा राहतो, कातडीचे टाके घालतो. मग एके दिवशी सर म्हणतात, ‘ये, आज तू कर.’ जांघेतली बारीक नस ओळखायची, ती दुखावू द्यायची नाही, वीर्यनलिका जपत हर्नियाची पिशवी सोडवायची, जाळी सपाट बसवायची. पुस्तकात हे सगळं दोन पानांत आटोपतं. हाताला यायला मात्र एकामागून एक रुग्ण लागतात, आणि चूक होण्याआधी मनगट धरणारे सर शेजारी लागतात.

पण कोरोनाची साथ आली आणि मार्च २०२०मध्ये तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलायच्या सूचना आल्या. एप्रिलमध्ये मुंबईचं नायर रुग्णालय पूर्णपणे कोविडसाठी राखलं गेलं. साथीच्या ऐन भरातल्या बारा आठवड्यांत जगभर सुमारे २ कोटी ८४ लाख नियोजित शस्त्रक्रिया रद्द होतील किंवा लांबतील, असा अंदाज त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. निर्णय बरोबरच होता, हे मी ठामपणे सांगतो. २४ देशांतल्या ज्या १,१२८ रुग्णांना शस्त्रक्रियेच्या आगेमागे कोरोनाची लागण झाली, त्यांतले जवळजवळ एक चतुर्थांश महिन्याभरात दगावले होते.

पण हर्नियाचा रुग्ण घरी थांबला, म्हणून हर्निया थांबत नाही. काहींचं आतडं अडकलं आणि ते रात्री-अपरात्री रुग्णालयात आले. अशा वेळी आतडं काळं पडलंय का, कापावं लागेल का, हे अनुभवी डोळ्यांनीच ठरवायचं असतं. शिवाय संसर्गाच्या भीतीने थिएटरमध्ये कमीत कमी माणसं आणि सुरी वरिष्ठाच्या हाती, अशी रीत पडली. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियाही सुरुवातीच्या महिन्यांत अनेक ठिकाणी टाळल्या गेल्या. रुग्ण तोच, आजार तोच. शिकणाऱ्याच्या वाट्याचा धडा मात्र गेला. ही गोष्ट मला सर्वांत जास्त खुपते.

त्या काळात ही निवासी डॉक्टर मुलं कोविड वॉर्डात होती. ऑक्सिजन सांभाळत होती, रुग्णांना पालथं झोपवत होती, नातेवाइकांना फोनवरून वाईट बातमी देत होती. ते शिक्षण लहान नव्हे. २०२१मध्ये काळी बुरशी आली, तेव्हा कान-नाक-घशाच्या निवासींनी सायनसच्या अवघड शस्त्रक्रिया पाहिल्या आणि केल्याही. पण सामान्य सर्जरीच्या मुलाची भरपाई त्यातून होत नाही. भरीस भर, एप्रिल २०२१मधली नीट-पीजी ही पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा सप्टेंबरवर गेली आणि प्रवेश जानेवारी २०२२पर्यंत रखडले. पहिल्या वर्षाची जागा रिकामी, म्हणून वरच्या वर्षांनी तीही कामं केली. ऑक्टोबर २०२१मध्ये ‘मार्ड’ ही निवासी डॉक्टरांची संघटना शुल्कमाफीसाठी संपावर गेली, तेव्हा ‘पदवीची वर्षं साथीत गेली, मग शुल्क कसलं?’ हा प्रश्न मला रास्त वाटला होता.

याचा तोंडवलीशी संबंध आहे. ज्या सर्जनने तेव्हा कमी हर्निया केले, तोच पुढे तालुक्याच्या गावी एकटा उभा राहतो; तिथे हात धरायला सर नसतात. आपला रुग्ण वर्षानुवर्षं गोव्यातलं बांबोळीचं सरकारी रुग्णालय गाठतो, आणि साथीत गोव्याची हद्द बंद झाली की तोही रस्ता अडतो. म्हणून नुसती वर्षं मोजून पदवी देऊ नये, केलेल्या शस्त्रक्रियाही मोजाव्यात आणि कमी पडतील त्यांना जादा महिने द्यावेत, असं माझं मत आहे. सप्टेंबर २०२०च्या नियमाने पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम सक्तीचं केलं. ते तीन महिने नोंदवह्या भरण्यात जाऊ नयेत. कणकवली, सावंतवाडीसारख्या ठिकाणी वरिष्ठांच्या देखरेखीखाली टेबलापाशी जावेत. पुढच्या साथीत प्रत्येक विभागात निदान एक शिकवणारं रुग्णालय साथीपासून वेगळं राखलं पाहिजे.

आणि एक विनंती तुम्हाला. ओरोसच्या वैद्यकीय महाविद्यालयात तरुण डॉक्टर तुमची शस्त्रक्रिया करणार असं कळलं, तर लगेच ‘शिकाऊ नको’ म्हणू नका. सर स्वतः टेबलापाशी असतील ना, एवढं विचारा. ‘हो’ म्हणाले, तर तुम्हीही हो म्हणा.